वापसा: ऑर्किडला पाणी घालण्याचा इतिहास

घरात आणलेलं ऑर्किड सहसा तहानेनं मरत नाही, ते पाण्यानं मरतं. कुणीतरी रोज आठवणीनं पाणी घालतं. ते कुंडीखालच्या बशीत साचतं आणि मुळं आतल्या आत काळी पडून कुजतात. कुजलेली मुळं पाणी ओढू शकत नाहीत, त्यामुळे वरची पानं सुकल्यासारखी लोंबायला लागतात. लोंबलेली पानं बघून घरातलं माणूस काय करतं? आणखी पाणी घालतं.

यात कुणाचा निष्काळजीपणा नाही, उलट काळजी जरा जास्तच आहे. आणि ही गोष्ट जुनी आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधल्या सगळ्यात श्रीमंत बागांमध्ये, सगळ्यात अनुभवी माळ्यांच्या हातून, हजारो ऑर्किडं अशीच मेली. त्यातली कित्येक आपल्याच उपखंडातून बोटीनं गेली होती. त्यांना कसं जगवायचं हे कळायला शंभरेक वर्षं लागली. आज नर्सरीत ऑर्किड घेताना सोबत जे चार ओळींचं कार्ड मिळतं, ते या शंभर वर्षांचं सार आहे. मात्र त्या चार ओळींत येताना त्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट गळून गेली. वाशिमच्या मे महिन्यात ऑर्किड जगवायचं असेल तर ती परत शोधावी लागते.

नावातच गैरसमज

सुरुवात एका शब्दापासून करू. ‘व्हँडा’ हे ऑर्किडच्या एका प्रसिद्ध प्रजातीचं नाव. थायलंडमधून येणारी, लाकडी जाळीत टांगलेली, लांब मुळं लोंबत असलेली जांभळी-निळी ऑर्किडं तुम्ही इन्स्टाग्रामवर पाहिली असतील, ती बहुतेक व्हँडाच. हा शब्द आपल्याकडून गेलाय. संस्कृतात ‘वन्दा’ किंवा ‘वन्दाक’ म्हणजे दुसऱ्या झाडावर वाढणारी वनस्पती. कलकत्त्याचा न्यायाधीश आणि एशियाटिक सोसायटीचा संस्थापक विल्यम जोन्स याला संस्कृतचा नाद होता आणि वनस्पतींचाही. भारतीय झाडांवरची त्याची टिपणं त्याच्या मृत्यूनंतर, १७९५ मध्ये ‘एशियाटिक रिसर्चेस’मध्ये छापली गेली. त्यात एका ऑर्किडसाठी त्यानं हा देशी शब्द वापरला. पुढे १८२० मध्ये रॉबर्ट ब्राउन या वनस्पतिशास्त्रज्ञानं लंडनच्या ‘बोटॅनिकल रजिस्टर’मध्ये प्रजातीचं नाव म्हणून तोच कायम केला.

ज्या झाडामुळे हे नाव पडलं ते आज ‘व्हँडा टेसेलाटा’ म्हणून ओळखतात. पिवळसर-हिरवट पाकळ्यांवर तपकिरी चौकटी, मध्ये जांभळट ओठ आणि मंद वास. बंगालमधले वैद्य याची मुळं ‘रास्ना’ म्हणून वापरत आले. हे झाड विदर्भाच्या पानगळीच्या जंगलातही आहे. आंबा, मोह, बाभूळ अशा खडबडीत सालीच्या झाडांना धरून ते वाढतं. उन्हाळ्यात पारा बेचाळीस-चव्वेचाळीसला टेकतो आणि आधाराचं झाडच निष्पर्ण होतं, तेव्हाही याची जाड, चामड्यासारखी पानं हिरवी असतात.

आता गैरसमजाबद्दल. वन्दाक हा शब्द मुळात परजीवी वनस्पतींसाठी वापरला जायचा, म्हणजे मराठीत ज्याला आपण बांडगूळ म्हणतो त्यांच्यासाठी. बांडगूळ आधाराच्या झाडात आपली मुळं रुतवतं आणि त्याच्याकडून पाणी घेतं. ऑर्किड तसं काही करत नाही. ते सालीला फक्त धरून राहतं. पावसाचं पाणी, दव, सालीवरून ओघळणारी धूळ आणि कुजलेल्या पानांचा चुरा एवढ्यावर त्याचं भागतं. तरी आजही आपल्याकडे आंब्यावरचं ऑर्किड बघून ‘बांडगूळ आहे, काढून टाका’ म्हणणारे लोक आहेत.

हा फरक वरवर पुस्तकी वाटतो, पण पाणी घालण्याचा सगळा प्रश्न त्यातच आहे. बांडगुळाला बारा महिने यजमानाचं पाणी मिळतं. ऑर्किडला तसा यजमान नाही. पाऊस पडला की त्याला मिळतं, थांबला की थांबतं. भरपूर भिजायचं आणि मग लवकर सुकायचं, याचीच त्याला सवय आहे.

जे लोक त्या जंगलाजवळ राहत होते त्यांना हे माहीत होतं, कारण त्यांच्या नावांमध्येच झाडाचा पत्ता असायचा. कोचीचा डच अधिकारी हेंड्रिक व्हान ऱ्हीड यानं करून घेतलेला ‘हॉर्टस मलबारिकस’ हा बारा खंडांचा ग्रंथ १६७८ ते १६९३ या काळात अ‍ॅम्स्टरडॅमला छापला गेला. त्याच्या कामात इट्टी अच्युतन या वैद्यासोबत रंगभट, विनायक पंडित आणि आपुभट हे तीन कोंकणी वैद्य होते. त्यांची साक्ष पहिल्या खंडात नागरी लिपीत छापलेली आहे. शेवटच्या खंडात काही ऑर्किडं आहेत. त्यातल्या एकाला, म्हणजे सह्याद्रीत आपण जिला सीतेची वेणी म्हणतो तिला, तिथे ‘अंजेली मरवर’ असं नाव दिलंय. अंजिली हे मलबारमधलं फणसाच्या जातीचं उंच झाड. म्हणजे हे फूल कुठे बघायचं, तर अंजिलीच्या झाडावर, हे नावच सांगतं. युरोपात पोचेपर्यंत फूल टिकलं, पण हा पत्ता हरवला.

काचेच्या घरातलं स्मशान

इंग्लंडमधली सुरुवात खरं तर चांगली झाली होती. १७३१ मध्ये पीटर कॉलिन्सन या व्यापाऱ्याकडे बहामा बेटांवरून ऑर्किडचा एक वाळवलेला नमुना आला. कंदात थोडा जीव दिसला म्हणून तो लावून पाहिला, तर पुढच्या वर्षी त्याला फुलं आली. अर्थात ते जमिनीत वाढणारं ऑर्किड होतं. झाडावर वाढणारं उष्ण प्रदेशातलं ऑर्किड लंडनच्या क्यू बागेत पहिल्यांदा फुललं ते १७८७ मध्ये. त्यानंतर श्रीमंतांमध्ये हौस पसरली. १८१० च्या दशकात हॅकनीच्या लॉडिजेस कुटुंबानं ऑर्किडचा धंदाच सुरू केला.

पण या झाडांना वाढवायचं कसं? कुणालाच अंदाज नव्हता. झाडं आणणारे खलाशी आणि दलाल ती कुठून आणली हे नीट सांगायचे नाहीत. प्रतिस्पर्धी तिथे पोचू नये म्हणून ठिकाण लपवणं हा धंद्याचाच भाग होता. उष्ण प्रदेशातून आलंय एवढंच माहीत. मग उष्ण प्रदेश म्हणजे काय, तर इंग्लंडमधल्या माणसाच्या कल्पनेतला: दमट, अंधारा, वाफाळणारा.

त्यासाठी त्यांच्याकडे ‘स्टोव्ह’ होतं. स्टोव्ह म्हणजे शेगडी नव्हे, तर भट्टीनं तापवलेलं काचघर. भिंतींतून कोळशाचा धूर फिरवून ते गरम ठेवायचे. आत ओकच्या सालीचा भुसा कुजत घातलेला असायचा, त्याचीही ऊब असायची आणि त्यात कुंड्या अर्ध्या पुरलेल्या असायच्या. थंड वारा नको म्हणून खिडक्या कायम बंद. १८३० मध्ये जॉन लिंडली यानं ऑर्किडच्या संगोपनावर निबंध वाचला. लिंडली म्हणजे त्या काळातला ऑर्किडचा सगळ्यात मोठा अभ्यासक. त्याचा सल्ला थोडक्यात असा होता: भरपूर उष्णता, दाट सावली आणि खूप ओलावा.

लिंडलीनं स्वतः ही जंगलं पाहिली नव्हती. त्याच्याकडे संग्राहकांची वर्णनं होती. संग्राहक पावसाळ्यातल्या खोल दऱ्यांबद्दल भरभरून लिहायचे, कारण तो अनुभव त्यांच्या लक्षात राहिलेला असायचा. डिसेंबरची गार रात्र किंवा एप्रिलमधली वाळलेली साल यांच्याबद्दल पत्रात कोण लिहिणार? पण सल्ला देणारा माणूस मोठा होता, त्यामुळे देशभरच्या माळ्यांनी तो उचलला. झाडं येत राहिली आणि मरत राहिली. पुढे क्यूचा संचालक झालेल्या जोसेफ डाल्टन हुकरनं त्या काळातल्या इंग्लंडला उष्ण प्रदेशातल्या ऑर्किडांची दफनभूमी म्हटल्याचं नेहमी सांगितलं जातं. त्यात अतिशयोक्ती फार नव्हती.

खिडकी उघडणारे लोक

बदल सुरू झाला तो शास्त्रज्ञाकडून नव्हे, एका माळ्याकडून. जोसेफ पॅक्स्टन हा चॅट्सवर्थ इथला ड्यूक ऑफ डेव्हनशायरचा मुख्य माळी. याच पॅक्स्टननं पुढे १८५१ च्या लंडन प्रदर्शनासाठी क्रिस्टल पॅलेस उभारला. १८३३ च्या सुमारास ड्यूकला ऑर्किडचं वेड लागलं. १८३५ मध्ये त्यानं जॉन गिब्सन नावाच्या तरुण माळ्याला भारतात पाठवलं. गिब्सन कलकत्त्याहून खासी टेकड्यांमध्ये, चेरापुंजीकडे गेला आणि १८३७ मध्ये ऑर्किडांचा मोठा साठा घेऊन परतला. डेंड्रोबियमच्या दोन जातींना पुढे गिब्सन आणि ड्यूक यांची नावं दिली गेली.

झाडांइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे, ही झाडं कुठे वाढतात हे पाहिलेला माणूस आता बागेतच होता. पॅक्स्टननं सगळी ऑर्किडं एकाच भट्टीत कोंबणं बंद केलं. वेगवेगळ्या प्रदेशांतल्या झाडांसाठी वेगवेगळ्या तापमानाची घरं केली, हवा खेळती ठेवली, वाटांवर पाणी शिंपडून ओलावा राखला. झाडं जगायला लागली.

तरीही जुनी सवय सुटायला वेळ लागला. याचा उत्तम पुरावा हुकरच्याच प्रवासवर्णनात आहे. १८५० मध्ये हुकर आणि त्याचा मित्र थॉमस थॉमसन खासी टेकड्यांमध्ये होते. तिथे त्यांना निळं व्हँडा भरभरून फुललेलं दिसलं. लंडनमध्ये त्या वेळी या झाडाची जबरदस्त मागणी होती आणि ते जगवता येत नाही अशी ख्यातीही होती. हुकरनं थांबून नीट पाहिलं आणि लिहून ठेवलं. टेकड्या तीन ते चार हजार फूट उंच, कोरड्या आणि गवताळ. झाडं बुटकी, वाकडीतिकडी, पानं विरळ. त्यांच्या फांद्यांवर व्हँडा पूर्ण उघड्यावर: ऊन, पाऊस, वारा सगळं थेट अंगावर. फांदीवर शेवाळ नाही, मुळं कोरड्या खडबडीत सालीवर पसरलेली. पावसाळ्यात हवा दमट असते, पण कोंदट उष्मा नाही. फुलांच्या दिवसांत दिवसा हवा आणि साल दोन्ही कोरडी. हिवाळ्यात जमिनीवर हिमकण पडण्याइतकी थंडी. मग त्यानं निष्कर्ष काढला: हिवाळ्याची थंडी, उन्हाळ्याची झळ, शरदातला कोरडेपणा आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मोकळा वारा, नेमक्या याच गोष्टींपासून आपण इंग्लंडमध्ये ऑर्किडांना वाचवत बसतो.

माझ्या मते ऑर्किडवर लिहिलेला हा सगळ्यात उपयोगी परिच्छेद आहे. माहिती कुठून गळते हे त्यात दिसतं. झाड बोटीत चढतं, पण त्याचं वर्ष बोटीत चढत नाही. कोणता ऋतू ओला, कोणता कोरडा, भिजल्यावर सुकायला किती वेळ, हे सगळं मागे राहतं. मग ज्याच्या हातात झाड पडतं तो आपल्या कल्पनेतला सरासरी दिवस त्याच्यावर लादतो.

हुकरच्या गोष्टीला काळी बाजूही आहे. त्यानं आणि थॉमसननं क्यूसाठी सात माणसांची ओझी भरतील एवढं निळं व्हँडा गोळा केलं. त्यातलं फारच थोडं जिवंत पोचलं. त्याच जागेवरून दुसऱ्या एका गृहस्थानं एका माणसाचं ओझं पाठवलं आणि त्याचे तीनशे पौंड आले. पुढच्या काही दशकांत हे लुटीपर्यंत गेलं. अल्बर्ट मिलिकन या संग्राहकानं १८९१ मध्ये कोलंबियातल्या मोहिमेबद्दल लिहिलंय की सुमारे दहा हजार ऑर्किडं मिळवायला चारेक हजार झाडं पाडली. काचघरात ऑर्किडं मरत होती म्हणून जंगलातून आणखी आणायची, अशी ती साखळी होती. पाणी कसं घालायचं हे कळत नव्हतं, त्याची किंमत जंगलानं मोजली.

मुळात काय आहे

हुकरनं डोळ्यांनी पाहिलं, त्याचं कारण मुळाच्या रचनेत आहे. झाडावर वाढणाऱ्या ऑर्किडच्या मुळावर एक पांढुरकं, स्पंजासारखं आवरण असतं. त्याला व्हेलामेन म्हणतात. ते मेलेल्या, पोकळ पेशींचे अनेक थर मिळून बनतं. कोरडं असताना या पेशींत हवा असते, म्हणून मूळ चंदेरी दिसतं. पाणी पडलं की काही क्षणांत ते पाणी शोषून घेतं आणि पारदर्शक होतं. मग आतला हिरवा रंग दिसायला लागतो. हो, बऱ्याच ऑर्किडांची मुळं आतून हिरवी असतात आणि उजेडात थोडंफार अन्नही बनवतात. पुढे काही तासांत आवरण सुकतं, हवा परत भरते, मूळ पुन्हा चंदेरी होतं.

म्हणजे प्रत्येक मुळाला त्याचा स्वतःचा इंडिकेटर आहे. हिरवं असेल तर थांबा, चंदेरी झालं की पाणी द्या. आवरण सतत पाण्यानं भरलेलं राहिलं तर आतल्या जिवंत पेशींपर्यंत हवा पोचत नाही. त्या गुदमरतात आणि मग बुरशी येते. ऑर्किड ‘जास्त पाण्यानं’ मरतं असं आपण म्हणतो, पण खरं तर ते हवा न मिळाल्यानं मरतं.

हे आईला सांगत होतो. आमच्या वाशिमच्या घरी पूर्वेच्या गॅलरीत दोन फॅलेनॉप्सिस आहेत. रुंद पानांची, फुलपाखरासारखी फुलं येणारी, कुठल्याही नर्सरीत मिळतात तीच. मी फोनवर दर रविवारचा रिमाइंडर लावत होतो. ती शेतकऱ्याची मुलगी. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “मोबाईल कायले पायतं बापा, वापसा आला का ते पाय आधी.”

वापसा. काही ठिकाणी वाफसा म्हणतात. शहरात वाढलेल्यांसाठी सांगतो. आमच्याकडे काळी माती, खोल आणि चिकट. जोराचा पाऊस झाला की तिच्यात पाय रुतेल असा चिखल होतो. तेव्हा पेरलं तर बी कुजतं. चार दिवस ऊन पडून ती पार वाळली की भेगा पडतात, तेव्हा पेरूनही उपयोग नाही. या दोन टोकांच्या मध्ये एक अवस्था येते. जास्तीचं पाणी निथळून गेलेलं असतं, मातीच्या कणांभोवती ओल उरलेली असते आणि कणांच्या मधल्या पोकळीत हवा शिरलेली असते. मूठभर माती दाबली तर गोळा होतो, वरून टाकला तर फुटतो. हा वापसा. सोयाबीन असो की तूर, वापसा आल्याशिवाय वाशिममधला शेतकरी तिफण शेतात घालत नाही. तारीख बघून कुणी पेरत नाही. मृग लागला तरी थांबतात.

ओल आणि हवा, दोन्ही एकाच वेळी. ऑर्किडच्या मुळाला हेच लागतं. लिंडलीच्या काळातल्या माळ्यांनी जे अनेक दशकं झाडं मारून शिकलं, त्याच्यासाठी आपल्या भाषेत तीन अक्षरी शब्द होता, आणि आहे. ऑर्किड मातीत का लावत नाहीत याचं उत्तरही त्यातच मिळतं. मातीत त्याला हवा तसा वापसा क्वचितच येतो. सालीचे तुकडे, लोणारी कोळसा, विटांचे तुकडे, नारळाची सोडणं अशा भरड मिश्रणात पाणी घातल्यावर काही मिनिटांतच वापसा येतो.

प्रयोगशाळेतलं बी आणि चार ओळींचं कार्ड

एकेकाळी तीनशे पौंडांचं असलेलं झाड आज काही शे रुपयांना कसं मिळतं? त्याचं श्रेय तीन प्रयोगांना जातं. ऑर्किडचं बी धुळीसारखं असतं, त्यात अन्नाचा साठाच नसतो. १८९९ मध्ये नोएल बर्नार या तरुण फ्रेंच शास्त्रज्ञाच्या लक्षात आलं की हे बी रुजायला एक बुरशी लागते, तीच त्याला पोसते. जिच्यामुळे मुळं कुजतात ती बुरशी वेगळी, ही वेगळी. १९२२ मध्ये अमेरिकेतल्या लुईस नड्सननं दाखवलं की बुरशीऐवजी साखर घातलेल्या आगरवर, निर्जंतुक बाटलीतही बी रुजतं. १९६० मध्ये फ्रान्सच्या जॉर्ज मोरेलनं कोंबाच्या टोकापासून एकसारखी असंख्य रोपं करण्याची वाट दाखवली. आपल्याकडे जळगावची केळी ज्या टिश्यू कल्चरवर उभी आहेत, तोच हा मार्ग.

यामुळे जंगल ओरबाडण्याचं कारण उरलं नाही. आज तैवान आणि नेदरलँड्समधली काचघरं फॅलेनॉप्सिसची कोट्यवधी रोपं काढतात. पण याच टप्प्यावर जुनी गोष्ट पुन्हा घडली. रोप जगभर एकसारखं झालं, तसं सोबतचं कार्डही एकसारखं झालं: आठवड्यातून एकदा पाणी, थेट ऊन नको. हे कार्ड बारा महिने वीस-बावीस अंशांवर ठेवलेल्या युरोपीय दिवाणखान्यासाठी बरोबर आहे. अमेरिकेत तर आठवड्याला बर्फाचे तीन खडे घाला असा सल्ला देऊन ऑर्किड विकलं जातं. ऐकून हसू येतं. पण तिथल्या विद्यापीठांतल्या संशोधकांनी तपासलं, तेव्हा बर्फ घातलेल्या झाडांची फुलं लवकर गळली नाहीत. कारण साधं आहे. तीन खड्यांचं पाणी थोडं असतं आणि ते हळूहळू झिरपतं, माणसाला जास्त घालताच येत नाही.

अडचण अशी की लिंडलीनं भारताचा पावसाळा इंग्लंडवर लादला, आणि हे कार्ड युरोपचा दिवाणखाना वाशिमवर लादतं. प्रोग्रामिंगच्या भाषेत सांगायचं तर हा दर रविवारी चालणारा क्रॉन जॉब आहे. बाहेर काय चाललंय हे तो बघतच नाही.

वाशिममधलं वर्ष

वाशिमचं जुनं नाव वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. गुल्म म्हणजे झुडूप. नावातच झाड असलेल्या या गावचं हवामान ऑर्किडसाठी मात्र सोपं नाही. पण एकच आठवडी वेळापत्रक लावण्याऐवजी वर्षाचे तीन तुकडे केले तर जमतं.

जून ते सप्टेंबर हवा ओली असते. या दिवसांत कुंडीतलं मिश्रण लवकर सुकत नाही. कधीकधी दहा-दहा दिवस पाणी घालावं लागत नाही. धोका पाण्याच्या कमतरतेचा नसून कोंदटपणाचा असतो. म्हणून कुंड्या एकमेकींना चिकटवायच्या नाहीत, वारा जाऊ द्यायचा. फॅलेनॉप्सिसच्या पानांच्या मध्यभागी, जिथून नवं पान फुटतं तिथे, पाणी साचलं तर ते टिपून घ्यायचं. ती जागा कुजली की झाड बहुधा जातंच. शक्य असेल तर पावसाचं पाणी बादलीत धरून ठेवायचं. आमच्याकडच्या बोअरच्या पाण्यात क्षार फार. ते वारंवार घातलं की मुळांवर आणि कुंडीवर पांढरा थर चढतो. पावसाचं पाणी नसेल तर प्यायच्या फिल्टरचं चालतं. आरओ मशीनमधून बाहेर टाकलं जाणारं पाणी मात्र अजिबात नको, सगळे क्षार त्यातच असतात.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी विदर्भ ऑर्किडवर मेहेरबान असतो. फॅलेनॉप्सिसला फुलाचा दांडा काढायला काही आठवडे जरा गार रात्री लागतात. दमट आणि वर्षभर सारख्या हवेच्या मुंबईत त्या सहज मिळत नाहीत, आपल्याकडे फुकट मिळतात. फक्त कडाक्याच्या थंडीत झाड रात्री घरात घ्यायचं. पाणी सकाळीच द्यायचं, म्हणजे रात्रीपर्यंत पानं कोरडी होतात.

मार्च ते मे खरी परीक्षा. दुपारी कोरडा, गरम वारा सुटतो. सकाळी हिरवी झालेली मुळं दुपारपर्यंत चंदेरी होतात. या दिवसांत आठवड्याला एकदा पाणी म्हणजे झाडाला मारणंच. रोज सकाळी आणि कधी संध्याकाळीही द्यावं लागतं. इथे नियम उलटला असं वाटेल, पण नियम तोच आहे: वापसा बघा. मेमध्ये तो चार तासांत येऊन जातो, जुलैमध्ये चार दिवस टिकतो. आणि आपल्याकडे या दिवसांत घरोघरी कुलर लागतो. वाळ्याच्या किंवा गवताच्या ताट्यांमधून येणारी ओली, गार, वाहती हवा म्हणजे पॅक्स्टनला हवं होतं तेच. झाड कुलरच्या अगदी तोंडाशी ठेवायचं नाही, त्याच खोलीत थोडं बाजूला ठेवायचं. गॅलरीत हिरवी नेट बांधायची. खत या दिवसांत बंद.

आणि ज्यांना नवीन झाड घ्यायचंय त्यांनी फॅलेनॉप्सिसऐवजी डेंड्रोबियमच्या संकरित जातींपासून सुरुवात केली तर आपल्या उन्हाळ्यात निभाव लागणं सोपं जातं.

झाडावरचं झाडावर

एक प्रश्न हमखास येतो. विदर्भाच्या रानात चव्वेचाळीस अंशांत तगणारं व्हँडा असताना बाहेरचं ऑर्किड कशाला पोसायचं? तेच आणून गॅलरीत टांगलं तर? नको. त्या झाडाचं परागण करणारे किडे, बी रुजवणारी बुरशी, विशिष्ट साल आणि जुनी फांदी हे सगळं त्याच्या जागेवरच असतं. एक झाड उपटून आणलं की त्या फांदीवर पुन्हा रोप उगवायला कित्येक वर्षं जातात. निळ्या व्हँडासारख्या काही जातींना वन्यजीव संरक्षण कायद्यानं संरक्षण आहे, आणि ऑर्किडचं सगळं कुळ साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराखाली येतं. पण आपल्या साध्या, चौकटीदार व्हँडाला खरा धोका संग्राहकांइतकाच, किंबहुना जास्त, कुऱ्हाडीचा आहे. रस्ता रुंद होतो, शेताच्या बांधावरचा जुना आंबा नडायला लागतो, आणि झाड पडलं की त्याच्यावरचं ऑर्किड पाचोळ्यात जातं. नवीन लावलेल्या रोपट्यावर ते येत नाही. त्याला खरखरीत, म्हातारी साल लागते.

असं पडलेलं झाड कुठे दिसलं आणि त्यावर चामड्यासारख्या पानांचं, चंदेरी मुळांचं काही दिसलं, तर वनविभागाला किंवा जवळच्या कृषी महाविद्यालयातल्या वनस्पतिशास्त्राच्या शिक्षकांना फोटो पाठवा. फांदीसह ते दुसऱ्या जुन्या झाडावर बांधता येतं. दोरी सुताची घ्यावी, म्हणजे मुळं साल धरेपर्यंत टिकते आणि मग आपोआप कुजून जाते. बांधताना पावसाळ्याची सुरुवात निवडावी.

त्यानंतर त्याला पाणी घालायला जाऊ नये. पाऊस येईल, थांबेल, साल सुकेल. वापसा कधी आला हे त्याला कळतं.